बसायचं कुठं?

त्या गुरुवारी संध्याकाळी मी शाळेवरून दोनदा पुढे गेले. हातातल्या चिठ्ठीवर शाळेचं नाव, वार आणि वेळ होती. फाटकावर महापालिकेची पाटी आणि पोलिओच्या डोसाचा फाटका फलक, बाकी काही नाही. तिसऱ्या खेपेला शिपाईमामांनीच हटकलं, “मीटिंगला का? आत जाऊन डावीकडं दुसरा वर्ग.” समोरच्या टपरीवाल्यालाही सगळं ठाऊक होतं. “ते न पिणारे ना?” तो म्हणाला, “चहा लई पितात पण.”

वर्ग दुसरी ‘अ’चा होता. बाकं इतकी बुटकी, की मोठ्या माणसांचे गुडघे छातीशी येत होते. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाची नोंद तशीच होती : पट ३४, हजर २९. भिंतीवर बाराखडीचा तक्ता. शेजारच्या रिकाम्या खिळ्याला एका गृहस्थांनी पिशवीतून गुंडाळी काढून दुसरा तक्ता अडकवला, तो बारा पायऱ्यांचा. कुणी पंखा लावला, कुणी टेबलावर पार्ले-जीचे पुडे फोडले. सातला पाच कमी असताना खोलीत अठरा-एकोणीस माणसं होती. बँकेतून थेट आलेला एक इनशर्टवाला, खाकी शर्टातले दोन रिक्षावाले, एक कॉलेजात शिकवणारे, गळ्यात तुळशीची माळ असलेले एक आजोबा आणि मागच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली एकच बाई. मला धरलं तर दोन.

ही ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची, म्हणजे सगळे ‘एए’ म्हणतात त्याची, मीटिंग. त्या दिवशी ‘ओपन’ होती, म्हणजे ज्याला दारूचा त्रास नाही त्यालाही मागं बसून ऐकता येतं. एरवीची ‘क्लोज्ड’, फक्त पिणाऱ्यांची आणि सोडलेल्यांची. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवून जायचं, असा नियम आहे. या लेखात जे आलंय ते मी नंतर ज्याच्या त्याच्या परवानगीनं घेतलं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले. शाळेचं नावही म्हणूनच लिहीत नाही. ज्याला हवं त्याला ते सापडतं. कसं सापडतं, हीच या लेखाची गोष्ट आहे.

०००

गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण, पुण्यापासून दीड तासावरच्या तालुक्याच्या गावी असते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “अगं, तुमच्याकडं पुण्यात तो ग्रुप असतो ना, दारू सोडलेल्यांचा? पत्ता काढून ठेव जरा. एकीला हवाय.” एकीला! मी काही विचारलं नाही. दाजींचं मला दोन वर्षांपासून कळत होतं. लग्नकार्यात जेवणाची पंगत उठायच्या आत ते कुठंतरी गाडीपाशी जाऊन येत आणि आल्यावर बडीशेप चघळत.

ताईला हे नवीन नव्हतं. तिचे वडील, म्हणजे माझा मामा, पिऊनच गेला. त्याची एक आठवण मी कधी कुणाला सांगितली नव्हती. मामाला पिताना बघून बघून कंटाळलेल्या घरच्यांनी एका गणपतीत त्याला माडीवरच्या खोलीत कोंडलं. पाच दिवस मिळाली नाही की सुटेल, असा हिशोब. पहिल्या रात्री हात थरथरत होते, घाम सुटत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली. ती थांबल्यावर आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून मुंग्या उतरताना दिसायला लागल्या. तो अंगावरून त्या झटकत होता आणि बारा वर्षांची ताई बॅटरी धरून सांगत होती, “अप्पा, नाहीयेत हो मुंग्या.” पहाटे कुणीतरी जीप आणली म्हणून मामा वाचला.

तेव्हा सगळ्यांना ती बाहेरची बाधा वाटली. प्रत्यक्षात हे पाठ्यपुस्तकात छापल्यासारखं घडत होतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच स्वतःचा तोल राखायला शिकलेला असतो. ती एकदम काढून घेतली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो. डॉक्टर त्याला ‘डीटी’ म्हणतात. उपचार झाले नाहीत तर त्यात जीव जातो. म्हणून मीटिंगमधली जुनी माणसंसुद्धा थरथरत आलेल्या नव्या माणसाला आधी डॉक्टरकडं पाठवतात. चार-सहा दिवस औषधं, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झोप. बाकाची पाळी त्यानंतर.

मामा त्यानंतर सहा वर्षं जगला. तीन वेळा सोडली, तीन वेळा धरली. त्याच्या सोडण्याच्या काळातलं मला एकच चित्र आठवतं. संध्याकाळी सात वाजता तो ओट्यावर बसलेला असायचा, एकटाच. पुढून त्याचे मित्र जायचे आणि हात करायचे. तोही हात करायचा.

आपल्या भाषेत ‘बसणं’ या शब्दाला एक वेगळा अर्थ आहे. ‘आज बसायचं का?’ असं एका पुरुषानं दुसऱ्याला विचारलं तर काय म्हणायचंय ते शाळकरी पोरालाही कळतं. दारू हा शब्द उच्चारायची गरज पडत नाही. पिणं हे मुळात बसणं आहे : ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली माणसं, चकण्याची बशी. दारू सोडणारा माणूस बाटली सोडतो तेव्हा हे सगळंच सोडतो, आणि घरचे म्हणतात, आता बस की निवांत. कुठं बसणार? दुसरी ‘अ’मधल्या एका रिक्षावाल्यानं हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. “दारू पंधरा दिवसांत सुटली हो माझी. सात वाजता करायचं काय, ते दीड वर्ष कळत नव्हतं.”

०००

एएची सुरुवातच मुळी अशा शोधाशोधीतून झाली. मे १९३५. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल डब्ल्यू., अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फिसकटलं. दारू सोडून पाच महिने झालेले, खिशात पैसे थोडे, ओळखीचं कुणी नाही आणि मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका अंगाला बार. आतून हसण्या-खिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या अंगाला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी. पाच महिन्यांत त्याला एक गोष्ट उमगली होती. दुसऱ्या दारुड्याला सोडवायला गेलं की तो सुटो न सुटो, आपण त्या दिवशी पीत नाही. त्यानं धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली : या गावात कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय.

फोनाफोनी करत तो हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत एक शल्यविशारद होते, डॉक्टर बॉब. पिण्यापायी बुडत चाललेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांची गाठ घालून दिली. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं बसेन, आणि सहा तासांनी उठले. पुढं एकदा ते पुन्हा प्यायले. १० जूनला त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. हात स्थिर राहावेत म्हणून बिलनंच त्यांना बिअरची बाटली दिली. ती डॉक्टरांची शेवटची. तोच दिवस एएचा वाढदिवस मानतात. सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या वाढदिवसाच्या पोटात एक बाटली आहे, हे मला फार आवडतं. कुणी ती लपवूनही ठेवत नाही.

भारतात हे १९५७ साली आलं, तेही शोधाशोधीनंच. दिल्लीत कॅनडाच्या वकिलातीत नेमणुकीवर आलेला एक सभासद इथं आपल्यासारखं कुणी आहे का हे पाहायला वर्तमानपत्रात जाहिरात देत होता. मुंबईच्या हॅरॉल्ड नावाच्या गृहस्थांनी ती वाचून उत्तर पाठवलं आणि मुंबईत मीटिंगा सुरू झाल्या. सुरुवातीचा वावर इंग्रजी बोलणाऱ्यांचा होता. मराठी शाळांच्या वर्गांत हे यायला नंतर बराच काळ गेला.

मराठी माणसाला दारूबाजांचं मंडळ मात्र त्याच्या कितीतरी आधी पाहायला मिळालं होतं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातल्या तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आठवा. सभा, ठराव, वाद, सगळं काही रीतसर. आपण शंभर वर्षं त्या प्रवेशांना हसतोय. गडकऱ्यांनी नाटकाच्या नायकाला, सुधाकराला, मध्ये एकदा दारू सोडायलाही लावलीय. तो सोडतो, कामधंदा शोधायला बाहेर पडतो, जुनी प्रतिष्ठित माणसं त्याचा पाणउतारा करतात आणि तो पुन्हा प्याल्याकडं वळतो. लहानपणी मला हा सुधाकराचा दुबळेपणा वाटायचा. आता वाटतं, पिणाऱ्या सुधाकराला बसायला मंडळ होतं, सोडलेल्या सुधाकराला नव्हतं. आणि दळण दळून घर चालवणाऱ्या त्याच्या बायकोला, सिंधूला, तर कुठलंच नव्हतं.

०००

मीटिंगची रीत साधी आहे. आधी छापील प्रास्ताविक वाचतात. मग एकेक जण नाव सांगतो, “मी अल्कोहोलिक” म्हणतो, सगळे एका सुरात नाव घेऊन नमस्कार करतात आणि तो बोलतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘अरेरे’ करत नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. चार मराठी माणसं एका खोलीत आणि सल्ला नाही, हे मी तरी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

नाव म्हणजे फक्त नाव, आडनाव नाही. अमेरिकेत तसं करण्यामागं लोकलाज आणि नोकरीची भीती होती. आपल्याकडं त्याचा अर्थ आणखी खोल जातो. आपण आडनाव विचारतो, मग गाव विचारतो आणि या दोन प्रश्नांत समोरच्या माणसाची जात, जमीन, पाहुणे हे सगळं खिशात घालतो. त्या वर्गात मी सहा-सात वेळा जाऊन बसले. कुणाचंही आडनाव मला अजून माहीत नाही. माळवाल्या आजोबांना मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, “गुत्त्यावर तरी कोण विचारत होतं? तिथं आणि इथं. मधल्या सगळ्या जगात विचारतात.”

या आजोबांची माळ हा एक वेगळाच विषय आहे. दारू सोडवायचे आपले घरगुती मार्ग पुष्कळ आहेत : पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, देवाचा भंडारा, ताईत, बदली, आणि सर्वांत सन्माननीय मार्ग म्हणजे पंढरीची माळ. आजोबांनी ती तीनदा घेतली. “माळ घालून प्यायचं नाही एवढं पाळायचो,” ते म्हणाले, “खुंटीला अडकवून जायचो.” वर्ग हसला. तेही हसले. पण त्यांच्याच गावात माळ घेऊन कायमचे सुटलेलेही आहेत. मी खोदून विचारल्यावर फरक हाती लागला. जे सुटले ते रोज संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला बसत, सप्ताहात पखवाजाशेजारी बसत, दिंडीत चालत. आजोबांनी माळ घेतली आणि घरी बसले. माळेबरोबर दिंडी मिळाली तर माणूस तरतो, असं माझं मत झालंय. नुसत्या माळेला खुंटी पुरते.

एक मार्ग मात्र सन्माननीय नाही, धोक्याचा आहे. जेवणातून न कळत द्यायची पूड. एसटी स्टँडच्या भिंतीभिंतीवर तिच्या जाहिराती असतात. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते चालू असताना प्यायलं की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर ते रुग्णाला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन देतात. भाजीत कालवून दिलं आणि त्यानं त्याच रात्री दोन क्वार्टर मारल्या तर काय होईल, ते देणारीलाही माहीत नसतं. ताईनंही अशी एक डबी आणून पिठाच्या डब्यामागं ठेवली होती. ती फेकायला लावली, तेव्हा कुठं तिनं ‘एकीला हवाय’ हे सोंग सोडलं.

आणि श्रावण! दाजी श्रावण कडक पाळतात. गटारीला मनसोक्त पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंब नाही. गणपती उठेपर्यंतही ओढतात कधीकधी. मग विचारतात, “महिनाभर सोडू शकतो तो माणूस बेवडा कसा?” हा युक्तिवाद घराघरांत चालतो आणि त्याला उत्तर सुचत नाही. दुसरी ‘अ’मध्ये विचारलं तर निम्म्या वर्गानं हात वर केले. सगळेच श्रावण पाळणारे! कॉलेजातले सर म्हणाले, “ज्याला प्यायचं नसतं तो श्रावण मोजत नाही. मी कॅलेंडरवर फुल्या मारायचो.”

आता ‘आजचा दिवस’ या गोष्टीबद्दल. आयुष्यभराची शपथ इथं घेत नाहीत. तोच रिक्षावाला, आता सात वर्षं न प्यालेला, म्हणाला, “मी उद्याची सोडलेली नाही हो. आजची सोडलीय.” त्या संध्याकाळी एकाचा दारू सोडल्याचा नववा वाढदिवस होता, पेढे होते. पाठोपाठ एक पोरगेलासा माणूस उठला, नाव सांगितलं आणि “अकरा दिवस” एवढंच म्हणून बसला. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. शेवटी कापडी पिशवी फिरली. मी शंभराची नोट टाकायला गेले तर पेढेवाल्यांनी हात धरला. “ताई, आम्ही बाहेरच्यांचं घेत नाही. जन्मभर दुसऱ्यांचंच घेतलं.” शाळेचं भाडं, चहा, पुस्तकं, सगळं सभासदांच्या पैशांतून. देणगी नाही, सरकारी अनुदान नाही, अध्यक्ष नाही, कार्यकारिणी नाही. सभासदांची यादीसुद्धा नाही. सर फळ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “आमच्यात पट नसतो. फक्त हजर.”

०००

मग ग्रुप सापडतो कसा? पाटी नाही, जाहिरात नाही, सभासद दुसऱ्याचं नाव सांगत नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्या वाटा अशा : इस्पितळातल्या सिस्टरनं केसपेपरच्या मागं लिहून दिलेला नंबर, शेजारच्या बाईनं कानात सांगितलेलं, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाताना हातात दिलेली यादी, आणि एकाच्या बाबतीत, त्याला रोज गुत्त्यावरून घरी सोडणारा रिक्षावाला. हाच तो, वर्गातला सात वर्षं न प्यालेला रिक्षावाला. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारलं तर बहुधा सांगतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मुंबईत, वसईत, गोव्यात चर्चची सभागृहं विचारावीत. तिकडं फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये वांद्र्यात सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’सारख्या कामाची परंपरा आहे. २०२०च्या टाळेबंदीत वर्गांना कुलपं लागली. मे महिन्यात दारूच्या दुकानांपुढच्या रांगा टीव्हीवर दिसत होत्या, तेव्हा ही मंडळी फोनवर एकमेकांना धरून होती. त्या काळात मीटिंगा झूमवर गेल्या आणि त्यांतल्या काही तिथंच राहिल्या.

पुण्यात आणखी एक दार आहे. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे पुढे केले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ला ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. उभं केलं मुख्यतः डॉ. अनिता अवचटांनी. त्या त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दसाठी निघालेल्या या केंद्रात पुढं दारूचेच रुग्ण जास्त येऊ लागले. पस्तीस दिवसांचा उपचार, पण खरा भर त्यानंतरच्या पाठपुराव्यावर. तिथूनच सुटलेली माणसं तिथं समुपदेशक होतात, गावोगावच्या पाठपुरावा केंद्रांत बसतात. रुग्णांच्या बायकांसाठी तिथं ‘सहचरी’ आहे.

सगळी केंद्रं अशी नसतात. मामाला शेवटच्या वर्षी जिथं ठेवलं होतं तिथं खिडक्यांना जाळ्या होत्या आणि महिनाभर भेट बंद. घरी आला तेव्हा पाठीवर वळ होते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूच्या आजाराचा रुग्णही रुग्णाच्या हक्कांत आला. केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, नातेवाइकांना भेटू देतात का, एवढं विचारावं. विचारल्यावर चिडले तर माणसाला घेऊन परत फिरावं.

किती लोकांना याची गरज आहे? दिल्लीच्या एम्सनं देशभर केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साडेपाच कोटींहून जास्त भारतीयांचं पिणं त्रासदायक किंवा व्यसनाच्या पातळीवरचं आढळलं. एवढ्यांना पुरतील इतके दुसरीचे वर्ग आपल्याकडं नाहीत. आणि एए सगळ्यांनाच मानवतं असंही नाही. काहींना औषधं जास्त उपयोगी पडतात, काहींना त्यातला ईश्वराचा उल्लेख सोसत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेले एक गृहस्थ दर गुरुवारी येतात. बारा पायऱ्यांतली ‘आपल्याहून मोठी शक्ती’ म्हणजे त्यांच्या लेखी हा गुरुवारचा वर्ग. कुणी हरकत घेतलेली नाही. आणि हे नुसतं सत्संगासारखं समाधान नव्हे. २०२०मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय आढावा घेणाऱ्या संस्थेनं सत्तावीस अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडं नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे, काही बाबतींत सरस निघाले.

आपल्याच गल्लीतला ग्रुप मात्र लोकांना नको असतो. गुत्ता चालतो! गुत्त्यातून झोकांड्या खात बाहेर पडताना कुणाची भीती वाटत नाही, मीटिंगला शिरताना वाटते. कोथरूडचा माणूस हडपसरला जातो, हडपसरचा कोथरूडला येतो. वर्गातला आवडता किस्सा असा की एकाच सोसायटीतले दोघं अख्खं शहर ओलांडून एका मीटिंगला गेले आणि समोरासमोर बसले. दोघांनी वर्षभर एकाच लिफ्टमध्ये एकमेकांच्या तोंडाचा वास घेतला होता. आता एका स्कूटरवर जातात, पेट्रोल वाचतं.

बाईला तर अख्खं शहरही पुरत नाही. मागच्या बाकावरची ती बाई मला बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, की दारू सोडल्याचं कौतुक करून घ्यायला आधी पीत होते हे सांगावं लागतं, आणि ते सासरी कसं सांगणार?

लहान गावात मुळात जायलाच काही नसतं. मराठवाड्यातल्या एका गृहस्थांनी फोनवर सांगितलेली गोष्ट लिहायलाच हवी. ते दर रविवारी एसटीनं दोन तास जिल्ह्याला जायचे. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयाची खोली मागितली, तीन खुर्च्या मांडल्या, चहाचा थर्मास ठेवला आणि एकटेच बसले. प्रास्ताविक मोठ्यानं वाचायचे, स्वतःचं नाव सांगायचे, तासानं खुर्च्या घडी करून घरी. असे पाच रविवार. सहाव्या रविवारी एक जण पेपर वाचायला म्हणून आला आणि पेपर उलटा धरून बसला.

०००

ताईला मी पत्ता दिला तेव्हा माझी समजूत अशी, की आता ती दाजींना घेऊन येईल. पेढेवाल्या गृहस्थांनी मान हलवली. “बायकोनं आणलेला टिकत नाही. त्यांनाच आधी यायला सांगा. त्यांच्या मीटिंगला.” म्हणजे अल-अ‍ॅनॉन. बिलच्या बायकोनं, लोइसनं, १९५१मध्ये घरच्यांसाठी उभं केलेलं संघटन. सिंधूचं मंडळ.

शनिवारी दुपारी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नऊ बायका आणि एक वडील बसले होते. ताई तासभर काही बोलली नाही. एक बाई सांगत होती, की ती नवऱ्याच्या ऑफिसात ‘त्यांना ताप आहे’ असा फोन करणं कसं बंद करू शकली. दुसरी, बाटल्या शोधणं. तिसरीनं सांगितलं की रात्री दार उघडेपर्यंत ती चपलांच्या आवाजावरून किती झालीय ते ओळखायची. तेव्हा ताईनं मान वर केली. “मी लहानपणापासून ओळखते,” ती म्हणाली आणि पुढं बोलता आलं नाही. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, कुणी पाणी दिलं नाही. सगळ्या थांबल्या. नंतर जिन्यात मात्र त्या तिसरीनं तिच्या वहीत स्वतःचा नंबर लिहून दिला.

ताई महिन्यातून दोन शनिवार येऊ लागली. ऑफिसात फोन करणं तिनं खरंच बंद केलं. दाजींना मेमो मिळाला. घरात आठ दिवस अबोला होता. श्रावण गेला, गणपती उठले, दाजींनी पुन्हा सुरू केली. नवरात्रात एक दिवस तिनं सांगितलं, “ते विचारत होते, ती शाळा नक्की कुठंय म्हणून. मी म्हटलं, मला काय माहीत, तुझ्या मावशीला विचार असं पोरीला सांगा.”

गुरुवारी दाजी स्वारगेटला उतरले. बरोबर कुणी नको म्हणाले. क्लोज्ड मीटिंग होती, मला तसंही आत जाता आलं नसतं. मी समोरच्या टपरीवर बसले. दाजी शाळेवरून पुढे गेले, कोपऱ्यापर्यंत. परत आले. पुन्हा पुढे गेले. शिपाईमामांनी फाटकातून काहीतरी विचारलेलं दिसलं आणि दाजी आत गेले.

वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर आले. टपरीवर येऊन माझ्याशेजारी बसले, चहा सांगितला. बराच वेळ कपाकडं बघत होते.

“सगळे बेवडे आहेत तिथं,” म्हणाले.

मी काही बोलले नाही. बोलायचं नाही, एवढं त्या वर्गात शिकले होते. दाजींनी चहा संपवला, कप स्टुलाखाली ठेवला, रस्त्यापलीकडं दुसरी ‘अ’च्या खिडकीतल्या ट्यूबलाइटकडं पाहिलं.

“सुटायला किती वेळ आहे अजून?”

“अर्धा तास.”

त्यांनी अजून एक हाफ सांगितला.